मिरग लागण्याआधी: गोव्यातल्या घरात स्पीकरची जोडणी

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात पाच स्पीकर आणि सबवूफर बसवले, तेव्हा पहिले वर्ष आवाज ऐकून मन भरत असे. दुसऱ्या पावसाळ्यात, चवथ तोंडावर आलेली असताना, उजवा स्पीकर खरखरू लागला. कधी वाजे, कधी गप्प होई. रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र, दुरुस्तीला नेला, तर तिथे तो ठणठणीत वाजला. घरी आणून लावला, पुन्हा खरखर. शेवटी स्पीकरच्या मागचे टर्मिनल उघडले. तारेची टोके हिरवी पडली होती आणि चिमटीत धरताच त्यांचा चुरा झाला.

त्यानंतर नातलगांची आणि शेजाऱ्यांची बरीच घरे जोडून दिली. एक गोष्ट पक्की कळली: आपल्याकडे महागड्या यंत्रापेक्षा सांध्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या तांब्याला सोडत नाहीत. म्हणून या लेखात तार आणि तिची टोके यांवर मी मुद्दाम जास्त लिहिले आहे. काम उन्हाळ्यात, मिरग लागण्याआधी करा. भिंती तेव्हा कोरड्या असतात.

आधी सुतळी, मग खरेदी

स्पीकर कुठे बसणार हे ठरल्याशिवाय एक मीटरही तार विकत घेऊ नका. एक सुतळीचा गुंडा आणि मोजपट्टी एवढे पुरते. तुम्ही जिथे बसून बघणार ती जागा पक्की करा. तिथून टीव्हीकडे बघताना मधला स्पीकर नाकासमोर, डावा आणि उजवा दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर. कोन मोजायची साधी युक्ती म्हणजे समभुज त्रिकोण: तुमच्यापासून डावा स्पीकर ३ मीटरवर असेल, तर उजवाही ३ मीटरवर आणि त्या दोघांमधले अंतरही ३ मीटर. तिन्ही बाजूंना सुतळी सारख्या लांबीची लागली की झाले.

मागचे दोन, म्हणजे सराउंड, अगदी पाठीमागे नकोत. कानाच्या रेषेच्या थोडे मागे, समोरून मोजल्यास ११० अंशांच्या आसपास, आणि बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर. पुढचे तिन्ही मात्र होता होईल तो कानाच्या उंचीवर ठेवा. टीव्ही भिंतीवर उंच आणि मधला स्पीकर खाली टेबलावर असेल, तर त्याचे तोंड किंचित वर करा. संवाद त्याच्यातूनच येतात, त्यामुळे त्याचे तोंड पायांकडे राहिले तर शब्द कळत नाहीत.

आता प्रत्येक स्पीकरसाठी तारेचा खरा मार्ग मोजा. हवेतले सरळ अंतर धरू नका. भिंतीकडेने, दरवाजाच्या चौकटीवरून वळसा घेऊन मोजा. या लांबीत प्रत्येक टोकाला एक मीटर जादा धरा. ती जादा तार कशासाठी ते पुढे येईलच.

तार: जाडी किती आणि तांबे खरे का

इथे लोक दोन टोकांना जातात. कोणी डब्यातून आलेली दोऱ्यासारखी बारीक तार तशीच ओढतात, तर कोणी मीटरला हजारो रुपये मोजतात. दोन्हींची गरज नाही. तारेचे काम एकच, स्पीकरच्या मानाने स्वतःचा अडथळा नगण्य ठेवणे. हा अडथळा स्पीकरच्या ओहमच्या (ओहम हे अडथळ्याचे माप) ५ टक्क्यांच्या आत राहिला की पुरे, असा हिशेब मी धरतो.

१.५ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा अडथळा एका किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. २.५ चौरस मिलिमीटरचा साधारण ७.४. आता मागचा स्पीकर रिसिव्हरपासून तारेच्या मार्गाने १० मीटरवर आहे असे समजा. वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी २० मीटर धरायची. १.५ च्या तारेत अडथळा ०.२४ ओहम होतो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर हे ३ टक्के, काही हरकत नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ६ टक्के. अशा वेळी २.५ ची तार घ्या. माझा नियम सोपा आहे: ८ ओहमला १५ मीटरपर्यंत १.५, त्यापुढे किंवा ४ ओहमच्या स्पीकरला २.५. दुकानात गेजच्या भाषेत बोलत असतील तर १६ गेज ही १.५ पेक्षा जराशी बारीक आणि १४ गेज ही दोनच्या थोडी वर पडते.

जाडीपेक्षा मोठी फसगत धातूत होते. बाजारात बरीचशी स्पीकर वायर आतून अॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिचा अडथळा त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट. पण तेवढ्यावर भागत नाही. टोकाशी मुलामा फाटला आणि आत ओलावा शिरला, की तांबे आणि अॅल्युमिनियम या दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झपाट्याने कुजते. समुद्राजवळच्या घरात अशी तार मी कुणालाच घेऊ देत नाही.

ओळखायची कशी? एक धागा वेगळा काढून ब्लेडने खरवडा. आतही लालसर दिसला तर तांबे. खरवडल्यावर पांढरा चकचकीत निघाला तर अॅल्युमिनियम. पारदर्शक आवरणाच्या तारेत एक बाजू रुपेरी असते, ती पाहून घाबरू नका. तांब्यावर कथिलाचा थर असेल तर ती तार उलट आपल्यासाठी जास्त चांगली. बोटीतल्या वायरिंगला तशीच तार वापरतात, कारण कथिल तांब्याला खाऱ्या हवेपासून राखते. तीही खरवडून बघायची, आतून लाल निघाली की घ्यायची. शिवाय गुंडाळी हातात तोलून पाहा. अॅल्युमिनियमची हलकी लागते.

चिऱ्याच्या भिंतीतून

नव्या फ्लॅटमध्ये बांधकामाच्या वेळीच २५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप भिंतीत टाकून घ्या आणि प्रत्येकात एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा. पुढे कधीही नवी तार त्या दोरीला बांधून ओढता येते. काटकोनी एल्बो नकोत, लांब बेंड वापरा. आणि स्पीकरच्या पाइपमध्ये २३० व्होल्टची तार कधीही घालू नका. दोन्ही समांतर न्याव्याच लागल्या तर हातभर अंतर ठेवा, एकमेकांना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडा.

जुन्या घराचे वेगळे. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, पाणी पितो. नैर्ऋत्येकडची, म्हणजे पावसाचा मारा झेलणारी भिंत जुलैत हाताला गार आणि ओली लागते. त्या भिंतीतून किंवा भिंतीला चिकटून तार न्यायची नाही. आतल्या भिंतींचा वळसा घ्या, चार मीटर तार जास्त गेली तरी चालेल. मला विचाराल तर जुन्या घरात भिंत फोडूच नये. जमिनीलगत किंवा छताच्या खालच्या कडेने केसिंग पट्टी मारून त्यात तार बसवा. भिंतीच्या रंगात रंगवली की डोळ्यांना खुपत नाही आणि पुढे उघडून बघताही येते.

चिऱ्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. चिरा ठिसूळ, भोक नको तेवढे मोठे होते आणि लहान प्लग त्यात फिरत राहतो. स्पीकरचा ब्रॅकेट टांगायचा असेल तर लांब प्लग आणि लांब स्क्रू घ्या, आणि दोन चिऱ्यांच्या मधल्या सांध्यात न मारता चिऱ्याच्या मध्यभागी मारा. ओसरीत स्पीकर लावायचा असेल तर भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा. बाहेरची तार भोकात शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या लोंबत्या भागातून टपकून जाईल. पाणी आवरणाच्या आत, धाग्यांमधूनही चढत जाते. बाहेरचे टोक उघडे राहिले तर दोन-तीन मीटर आतली तारही काळी पडलेली मी पाहिली आहे. पाइपची आणि भोकांची तोंडे सिलिकॉनने बंद करा, मुंग्यांना पावसात हीच जागा आवडते.

टोके

या कामाला घाई नको. आवरण १० ते १२ मिलिमीटर सोला. स्ट्रिपर वापरा. दातांनी किंवा सुरीने सोलले तर चार धागे तुटतात. धागे घट्ट पिळा. एकही मोकळा धागा शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. तो लागला की शॉर्ट होतो आणि रिसिव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, आणि नशीब साथ देत नसेल तर आउटपुट जळतो.

उघडी तार स्क्रूखाली दाबायची असेल तर टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि सांधा सैल होतो. माझी पसंती बनाना प्लगला, म्हणजे टर्मिनलच्या भोकात घट्ट बसणाऱ्या फुगीर पिनेला आहे. सोन्याचा मुलामा असलेले, स्क्रूने आवळायचे किंवा सोल्डर करायचे. तार प्लगमध्ये बसवली की जिथे आवरण संपते तिथून प्लगच्या मानेपर्यंत आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसणारी) चढवा आणि गरम करून आवळा. हवा आत शिरायची वाटच बंद होते. साध्या काळ्या टेपवर विसंबू नका. एका पावसाळ्यात त्याचा गोंद सुटतो आणि चिकट लेपाखाली ओलावा साचतो.

स्प्रिंगचे टर्मिनल असेल तर बनाना बसत नाही. तिथे टोकाला पिन लग, म्हणजे धातूची बारीक पिन, दाबून घ्या. मधेच तार जोडायची वेळ आणू नका. रिसिव्हरपासून स्पीकरपर्यंत एकसंध तार हवी.

आणि आता ती एक मीटर जादा तार. दोन-चार वर्षांनी टोक काळे पडले की इंचभर कापून नवे टोक करायचे. तार आखूड असली तर ती संधीच राहत नाही, सगळी तार बदलावी लागते. जादा तार रॅकमागे सैल वेटोळे करून ठेवा.

जोडणी

रिसिव्हरचा प्लग भिंतीतून काढा. बटण बंद केले एवढ्यावर भागवू नका. तारेच्या दोन्ही टोकांना नावे लिहा: पुढचा डावा, मधला, मागचा उजवा. कागदाची चिठ्ठी इथे टिकत नाही, मार्करने लिहून वर पारदर्शक नळी चढवा.

आधी स्पीकरच्या बाजूची टोके जोडा. मग रिसिव्हरकडची मोकळी टोके मल्टिमीटरने तपासा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आले नाही तर तार तुटली आहे किंवा टोक सुटले आहे. हे सगळे बरोबर आले की मगच रिसिव्हरला जोडा.

चवथीला पाहुणे आले, की ओसरीतही भजन ऐकू जावे म्हणून एकाच टर्मिनलला दोन स्पीकर जोडण्याचा मोह होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. रिसिव्हरच्या मागे कमीत कमी ६ ओहम लिहिले असेल, तर तो तापतो आणि ऐन आरतीच्या वेळी बंद पडतो. रिसिव्हरला स्पीकर बी किंवा झोन २ चे टर्मिनल असेल तर ते वापरा, पण पुस्तिकेत दोन्ही एकदम चालवण्यासाठी किती ओहम लागतात ते आधी वाचा. तशी सोय नसेल तर ते दोघे एकामागे एक, मालिकेत जोडा. १६ ओहम होतात, आवाज जरा कमी, यंत्राला धोका नाही.

लाल ते लाल, काळे ते काळे, आणि केसरबाईंची परीक्षा

तारेच्या एका बाजूला रेघ, छाप किंवा उंचवटा असतो. तो लालसाठी की काळ्यासाठी हे एकदाच ठरवा आणि सगळ्या घरात तेच ठेवा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही जळत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कळत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्जाचा आवाज एकमेकांना खातो आणि सगळे पोकळ ऐकू येते.

पडताळणीचा एक मार्ग: रिसिव्हरकडची दोन्ही टोके सोडवून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा, लाल धन बाजूला. वूफरचा पडदा बाहेर येतो का बघा. आत गेला तर तार उलटी. टेकवून लगेच उचला.

मला मात्र कानाची परीक्षा जास्त आवडते, आणि तिच्यासाठी गोव्यातलाच आवाज आहे. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेले. त्यांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरना अगदी तोच आवाज मिळतो. रिसिव्हर साध्या स्टिरिओवर ठेवा, सबवूफर बंद करा, त्रिकोणाच्या टोकावर बसा आणि डोळे मिटा. जोडणी बरोबर असेल तर बाईंचा आवाज दोन स्पीकरच्या नेमक्या मधोमध, जणू टीव्हीच्या जागी त्या बसल्या आहेत असा येतो. एक तार उलटी असेल तर आवाजाला ठिकाणच राहत नाही, तो कानांच्या बाजूंना पसरतो, डोके किंचित हलवले तरी सरकतो. शंका आली तर एका स्पीकरची तार मुद्दाम उलटी करून ऐका. फरक एकदा कानाने ओळखला की विसरत नाही. मधोमध न येता एका बाजूला झुकला, तर तार बरोबर असून अंतर किंवा आवाजाची पातळी कमीजास्त आहे.

सबवूफर आणि टीव्ही

सबवूफरला स्पीकरची तार लागत नाही. रिसिव्हरच्या सबवूफर आउटपासून एक आवरणवाली आरसीए केबल, आणि सबवूफरला स्वतःचा वीजपुरवठा. जागा शोधायला सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचे संगीत लावा आणि खोलीत कडेकडेने फिरून जमिनीलगत ऐका. जिथे खर्ज भरीव पण स्पष्ट वाटेल तिथे तो बसवा.

टीव्हीचा आवाज रिसिव्हरमध्ये आणायला टीव्हीवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधूनच केबल घ्या. दुसऱ्या पोर्टमधून आवाज परत येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा आणि आवाज बाहेरच्या यंत्राकडे वळवा. टीव्ही जुना असून एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. तिच्यातून साधा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज येतो, डोक्यावरूनही आवाज आणणारा अॅटमॉस येत नाही.

रिसिव्हरमधले आकडे

सोबत माइक आला असेल तर तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर तिपाईवर ठेवा, पंखा बंद करा आणि आपोआप मापन चालवा. नंतर आकडे स्वतः तपासा. लहान स्पीकर पुष्कळदा मोठे म्हणून नोंदवले जातात. ते लहान करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. अंतरे मोजपट्टीशी ताडून बघा. सबवूफरचे अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसले तर बदलू नका, त्यात त्याच्या आतल्या विलंबाचा हिशेब धरलेला असतो.

संवाद ऐकू येत नाहीत ही घरोघरची तक्रार. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा, तेवढ्याने काम होते.

वीज, गुणगुण आणि गडगडाट

स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण येत असेल तर सेटटॉप बॉक्सला येणारी केबल काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष तिथे आहे. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे भेटतात, त्यांचे ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. वीज जाऊन संच इन्व्हर्टरवर आला की घरघर सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा नाही.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर पडते, खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय निकामी. आणि मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात, तसेच ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात, कोणत्याही प्रोटेक्टरवर भरवसा न ठेवता प्लग काढा. डिशची आणि इंटरनेटची केबलसुद्धा. वीज त्या वाटेनेही येते.

रिसिव्हर बंद कपाटात कोंडू नका, वर वीतभर मोकळी जागा हवी. लाकडी रॅक भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी संच चालू ठेवा. आतली ऊब ओलावा बाहेर काढते.

दसऱ्याचे काम

आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. त्याच्या आदल्या दिवशी मी संचाचा प्लग काढून सगळी टर्मिनले उघडतो. प्रत्येक प्लग ओढून बघतो, काँटॅक्ट क्लीनर मारून कोरड्या फडक्याने पुसतो. टोक काळे किंवा हिरवे दिसले तर कापून नवे करतो. सैल झालेले स्क्रू हाताने आवळतो, पक्कड लावत नाही, प्लास्टिकचे टर्मिनल तडकते. ओसरीतल्या सांध्यांना बाहेरून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो. मग मल्टिमीटरवर पाचही तारांचे आकडे घेऊन रॅकच्या आतल्या बाजूला मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवतो. एखाद्या तारेचा आकडा अर्ध्या ओहमने वाढलेला दिसला, की खरखर सुरू व्हायच्या आधीच तो सांधा कुठे बिघडतोय ते कळते.